चुका सोसणारी प्रकाशाची वाट: टोपॉलॉजिकल फोटॉनिक्स सोलापुरात बसून शिकण्याचा आणि तपासण्याचा मार्ग

फोटॉनवर चालणारं क्वांटम तंत्रज्ञान नाजूक आहे असं सगळेच म्हणतात. ते किती नाजूक आहे हे आकड्यांत पाहिलं, की पुढचा सगळा खटाटोप कशासाठी ते कळतं. दोन अगदी सारखे फोटॉन बीम स्प्लिटरवर (प्रकाश दोन वाटांत विभागणाऱ्या उपकरणावर) दोन बाजूंनी एकाच वेळी आले आणि प्रकाशाची वाटणी बरोबर ५०:५० असली, तर ते दोघे नेहमी एकाच बाजूने बाहेर पडतात. हाँग, ऊ आणि मँडेल यांनी १९८७ मध्ये दाखवलेला हा परिणाम आजच्या फोटॉनिक क्वांटम कॉम्प्युटिंगचा कणा आहे. वाटणी ६०:४० झाली की या परिणामाची व्हिजिबिलिटी, म्हणजे तो किती ठळक दिसतो त्याचं माप, १०० वरून ९२ टक्क्यांवर येते, आणि ७०:३० झाली की ७२ टक्क्यांवर. चिपवर ही वाटणी दोन वेव्हगाइडमधल्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद वाटांमधल्या) अंतरावर ठरते. अंतर थोडं वाढलं तरी जोडणी घातांकी वेगाने घटते, त्यामुळे कारखान्यात काही नॅनोमीटर इकडेतिकडे झाले की हिशेब बिघडतो.

टोपॉलॉजिकल फोटॉनिक्सचा दावा असा, की वेव्हगाइडची रचनाच अशी करता येते की काही चुका झाल्या तरी प्रकाशाची वाट आणि तिचा फेज हलत नाही. माझ्या मते या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'काही'. कोणत्या चुका? हा प्रश्न विचारल्याशिवाय या विषयात एक पाऊलही टाकू नये.

हा लेख सोलापुरातल्या आणि आसपासच्या एमएस्सी फिजिक्सच्या, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. आपल्याकडे क्लीन रूम नाही, सिंगल फोटॉन डिटेक्टर नाहीत. पण या विषयाचा गाभा एका लॅपटॉपवर आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फंक्शन जनरेटरवर खरोखर हाताळता येतो. तेवढ्यावर उत्तम प्रोजेक्ट उभा राहतो.

पायरी १: आधी चुकांची यादी करा

कागद घ्या आणि फोटॉनिक चिपवर काय काय बिघडू शकतं ते लिहा. ढोबळमानाने चार खाती पडतात.

पहिलं खातं जोडणीच्या चुकांचं. दोन वेव्हगाइडमधलं अंतर चुकलं, म्हणजे प्रकाश एकातून दुसऱ्यात जाण्याचा वेग चुकला. दुसरं खातं जागेवरच्या चुकांचं. वेव्हगाइडची स्वतःची रुंदी किंवा जाडी चुकली, म्हणजे त्यातल्या प्रकाशाचा स्वतःचा वेग किंवा रेझोनन्स सरकला. सिलिकॉनच्या रिंग रेझोनेटरमध्ये (ठरावीक रंगाचाच प्रकाश साठवणाऱ्या गोल वेव्हगाइडमध्ये) रुंदी १ नॅनोमीटरने चुकली तर रेझोनन्स साधारण १ नॅनोमीटरने सरकतो. रिंगच्या स्वतःच्या रेषेपेक्षा हे सरकणं कितीतरी मोठं असतं. तिसरं खातं गळतीचं: फोटॉन शोषला गेला किंवा चिपच्या बाहेर उडाला. चौथं तापमानाचं.

तापमानाचं खातं सोलापूरकरांना वेगळं समजावून सांगायला नको. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीज गेली की बंद खोलीतली हवा बघता बघता तापते. सिलिकॉन रिंगचा रेझोनन्स १५५० नॅनोमीटरच्या आसपास दर अंशाला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकतो. खोली १० अंशांनी तापली तर पाऊण नॅनोमीटर गेलाच. इथे टोपॉलॉजी काहीही मदत करत नाही, कारण सगळ्या रिंगा एकदम सरकतात आणि लेसर मात्र जिथल्या तिथे राहतो. चिपखाली थर्मोइलेक्ट्रिक कूलर लागतो म्हणजे लागतोच. तसंच, पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी इंटरफेरोमीटर मांडला तर टेबलाच्या कंपनाने फ्रिंजेस थरथरतील, आणि चिपवरची टोपॉलॉजी चिपबाहेरच्या फायबरला सावरायला येणार नाही.

ही चार खाती वहीत राहू द्या. पुढच्या प्रत्येक पायरीला तपासायचं, की आपली रचना यातल्या कोणत्या खात्याला हात घालते.

पायरी २: दोन जोडण्यांची साखळी नीट समजून घ्या

सगळ्यात साधं टोपॉलॉजिकल मॉडेल सू, श्रीफर आणि हीगर यांनी १९७९ मध्ये पॉलिअॅसिटिलीन या रेणूसाठी मांडलं. फोटॉनिक्समध्ये रेणूच्या जागी एका ओळीत ठेवलेले वेव्हगाइड येतात. त्यांच्यातल्या जोडण्या आळीपाळीने सैल आणि घट्ट असतात. पहिली जोडणी 'क', दुसरी 'ख', पुन्हा 'क', पुन्हा 'ख', असं शेवटपर्यंत.

यंत्रमागाच्या फणीत एकेका घरात दोन-दोन धागे भरतात ते आठवा. भरणी एका धाग्याने सरकली तर मधले सगळे धागे जोडीनेच राहतात, पण काठावरचा पहिला धागा घरात एकटा उरतो. साखळीची सुरुवात सैल जोडणीने झाली, म्हणजे 'क' हा 'ख'पेक्षा लहान असला, की टोकाचा वेव्हगाइड तसाच एकटा पडतो आणि त्याच्यापाशी प्रकाशाची एक खास अवस्था राहते. तिला आपण कडेची अवस्था म्हणू.

आता गणित. 'क' लांबीचा एक स्थिर बाण काढा आणि त्याच्या टोकावर 'ख' लांबीचा फिरणारा बाण ठेवा. फिरणारा बाण एक फेरी पूर्ण करतो तेव्हा त्याचं टोक मूळ बिंदूभोवती वळसा घालतं का? 'ख' मोठा असेल तर एक वळसा, 'क' मोठा असेल तर शून्य. वळसे ०.३ किंवा ०.७ असू शकत नाहीत. जोडण्या थोड्या चुकल्या तरी वळशाची संख्या बदलत नाही, आणि ती बदलत नाही तोवर कडेची अवस्था जात नाही. ती जायची असेल तर 'क' आणि 'ख' सारखे व्हावे लागतात, म्हणजे ऊर्जेच्या दोन पट्ट्यांमधली रिकामी जागा, मधला गॅप, मिटावा लागतो.

या युक्तिवादामागे एक अट आहे आणि ती वाचणाऱ्याच्या हातून सहज निसटते. सगळ्या वेव्हगाइडांचा स्वतःचा वेग सारखा असला पाहिजे. याला कायरल सममिती म्हणतात. म्हणजे ही साखळी पहिल्या खात्यातल्या चुका सोसते. दुसऱ्या खात्यातल्या चुका ती सोसते असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ते तुम्ही स्वतः पुढच्या पायरीत तपासणार आहात.

पायरी ३: लॅपटॉपवर साखळी उभी करा

पायथॉन आणि नमपाय पुरतं. लॅपटॉप जुना असेल किंवा विजेचा भरवसा नसेल तर गूगल कोलॅब वापरा, मोबाइलवरूनही काम पुढे नेता येतं.

२१ ओळी आणि २१ स्तंभांचा शून्यांचा मॅट्रिक्स घ्या. मुख्य कर्णाच्या लगत वर आणि खाली असलेल्या दोन रेषांवर ०.५, १, ०.५, १ असे आकडे आळीपाळीने भरा. म्हणजे 'क' ०.५ आणि 'ख' १. मग लिनॅल्ग भागातलं आयगएच हे फंक्शन चालवून आयगेनमूल्यं काढा. वीस मूल्यं दोन पट्ट्यांत दिसतील, उणे १.५ ते उणे ०.५ आणि अधिक ०.५ ते अधिक १.५. एक मूल्य बरोबर मध्ये, शून्यावर. तीच कडेची अवस्था.

जागांची संख्या विषम का घेतली? सम साखळीत दोन्ही टोकांना एकेक कडेची अवस्था येते, दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखी असते, आणि संगणक त्यांचं मिश्रण करून देतो. आलेखात दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा प्रकाश दिसतो आणि विद्यार्थी गोंधळतात. विषम साखळीत शून्याची अवस्था एकच आणि एकाच टोकाला असते.

तिचा आकार छापून पाहा. पहिल्या जागेवर ७५ टक्के तीव्रता, दुसऱ्यावर शून्य, तिसऱ्यावर १८.७५ टक्के, चौथ्यावर शून्य, पाचव्यावर सुमारे ४.७ टक्के. प्रत्येक सम जागा रिकामी. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा, पुढे सर्किटवर तेच मल्टिमीटरच्या आकड्यांत भेटेल. 'क' आणि 'ख' यांची अदलाबदल केली की अवस्था उजव्या टोकाला जाते, तेही करून बघा.

आता चुका पेरा. प्रत्येक जोडणीला अधिक-उणे २० टक्क्यांमधला यादृच्छिक आकडा लावा आणि पाचशे वेगवेगळ्या साखळ्या तयार करा. शून्याचं मूल्य प्रत्येक वेळी शून्यच राहील. अवस्थेचा आकार थोडा वाकडा होईल, ऊर्जा हलणार नाही.

मग जोडण्या पूर्ववत करा आणि मुख्य कर्णावर अधिक-उणे ०.२ मधले यादृच्छिक आकडे भरा. ही दुसऱ्या खात्यातली चूक. आता मधलं मूल्य दर साखळीत वेगळं येतं, आणि त्याचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ०.०९ च्या आसपास असतं. कारण सरळ आहे: अवस्था ७५ टक्के पहिल्या जागेवर बसली आहे, त्यामुळे पहिल्या जागेची चूक जवळजवळ तशीच्या तशी तिच्या माथी येते. दोन्ही हिस्टोग्राम शेजारी-शेजारी छापा. एकात उभी रेघ, दुसऱ्यात पसरट टेकडी. या विषयावर तुम्ही काढलेली ही पहिली खरी आकृती, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचीही.

पायरी ४: साखळीत फोटॉन सोडा

वेव्हगाइडच्या साखळीत वेळेच्या जागी लांबी येते. मॅट्रिक्सला उणे आय आणि लांबीने गुणून सायपायमधलं एक्सपीएम फंक्शन चालवलं, की कोणत्या जागेतून निघालेला फोटॉन कुठे पोचतो ते सांगणारा मॅट्रिक्स मिळतो. त्याला 'यू' म्हणू.

पहिल्या प्रयोगात फोटॉन फक्त पहिल्या वेव्हगाइडमध्ये सोडा. तो कडेच्या अवस्थेत जाण्याची शक्यता ७५ टक्के. उरलेले २५ टक्के साखळीच्या पोटात पसरतात आणि आपल्या कामाचे राहत नाहीत. साध्या लेसरला हे चालतं, क्वांटमला नाही. दोन फोटॉन हवे असतील तर दोन्ही टिकण्याची शक्यता ५६ टक्क्यांवर येते. यावर दोन उपाय. 'क' अजून लहान घ्या: 'क' आणि 'ख' यांचं गुणोत्तर ०.२ केलं की पहिल्या जागेचा वाटा ९६ टक्के होतो. किंवा सुरुवातीला 'क' शून्य ठेवून हळूहळू वाढवत न्या, म्हणजे प्रकाश न सांडता अवस्थेत मुरतो. दुसरा उपाय चिपवर जास्त जागा खातो, पण मला तोच पटतो.

आता फेज पाहा. टोपॉलॉजी क्वांटमच्या कामी येते ती इथे. साखळीची लांबी 'ख'च्या हिशेबात १० धरा. ऊर्जा ०.०९ ने सरकली तर फेज ०.९ रेडियनने सरकतो. ही वाट इंटरफेरोमीटरचा एक हात असेल, तर जिथे एका फोटॉनसाठी १०० टक्के यायला हवं होतं तिथे ८१ टक्के येतं. दोन फोटॉनांची नून अवस्था (दोन्ही फोटॉन एका हातात किंवा दोन्ही दुसऱ्या हातात, या दोन शक्यतांची एकत्रित अवस्था) वापरली तर फेज दुप्पट होतो, १.८ रेडियन, आणि तोच आकडा ३९ टक्क्यांवर घसरतो. फोटॉन वाढवले की फायदा वाढतो तशी फेजची चूकही त्याच पटीने वाढते. जोडणीच्या चुकांमुळे मात्र शून्य हलतच नाही, म्हणून फेजही हलत नाही. ही रचना क्वांटमसाठी इतकी हवीहवीशी वाटते ती यामुळे.

दोन फोटॉनांचा हिशेब असा. फोटॉन अ आणि ब या जागांतून निघाले आणि च आणि छ या वेगळ्या जागांवर सापडले, तर दोन मार्ग आहेत: अ पासून च आणि ब पासून छ, किंवा अ पासून छ आणि ब पासून च. प्रत्येक मार्गासाठी 'यू'मधले दोन आकडे गुणा, दोन्ही गुणाकार आधी बेरजेत घ्या, आणि मग मापाचा (मोड्युलसचा) वर्ग करा. फोटॉन वेगळे ओळखू येत असतील तर आधी वर्ग आणि मग बेरीज. या दोन उत्तरांतला फरक म्हणजे क्वांटम इंटरफेरन्स. तीन-चार फोटॉनांपुढे हाताने करू नका, परसीव्हल नावाचं मुक्त पॅकेज वापरा.

पायरी ५: टेबलावर खरी साखळी बांधा

आपल्या कॉलेजांत करता येण्यासारखी गोष्ट हीच, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो. वेव्हगाइडच्या जागी इंडक्टर आणि कपॅसिटर घेतले तरी मॅट्रिक्स तोच राहतो. हे फोटॉन नाहीत, क्वांटम काहीच नाही, हे रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर लिहा. पण टोपॉलॉजीचा अर्धा भाग लहरींचाच आहे, आणि तो इथे हातात येतो.

सामान: १०० मायक्रोहेन्रीचे २० इंडक्टर, १० नॅनोफॅरडचे १० आणि २२ नॅनोफॅरडचे ११ कपॅसिटर, शिवाय ८.२ आणि १.८ नॅनोफॅरडचे थोडे. कपॅसिटर पाच टक्क्यांचे फिल्म जातीचे घ्या. सिरॅमिक डिस्क घेऊ नका, त्यातले बरेचसे तापमानाने वाहवत जातात. गावात मिळाले नाहीत तर पुण्याच्या तपकीर गल्लीत नक्की मिळतात. प्रत्येक नग एलसीआर मीटरवर मोजून त्यावर चिठ्ठी लावा. इंडक्टर दहा टक्क्यांचे असतात, म्हणून थोडे जास्त आणून जवळजवळचे वीस निवडा.

बांधणी अशी. वीस बिंदू ओळीत घ्या. प्रत्येक बिंदूपासून ग्राउंडला एक इंडक्टर. बिंदू १ आणि २ मध्ये १० नॅनोफॅरड, २ आणि ३ मध्ये २२, ३ आणि ४ मध्ये १०, असं शेवटपर्यंत. आता एक कळीची गोष्ट: मधल्या प्रत्येक बिंदूला दोन कपॅसिटर लागलेले आहेत, एकूण ३२ नॅनोफॅरड. टोकाच्या बिंदूला मात्र एकच १० चा आहे. म्हणून दोन्ही टोकांना ग्राउंडकडे आणखी एकेक २२ चा कपॅसिटर लावा. हा राहिला तर टोकाची जागा इतरांपेक्षा वेगळी होते, सममिती पहिल्याच दिवशी मोडते आणि कडेची अवस्था भलत्याच फ्रीक्वेन्सीला दिसते. इंडक्टर एकमेकांपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवा आणि आळीपाळीने काटकोनात वळवा, नाहीतर त्यांची चुंबकीय क्षेत्रं आपसात बोलू लागतात.

फंक्शन जनरेटर १० किलोओमच्या रेझिस्टरमधून बिंदू १ ला जोडा. ऑसिलोस्कोपचा प्रोब दहापट मोडवर ठेवा. फ्रीक्वेन्सी ५५ पासून १२५ किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू न्या. गणित सांगतं की ७६ ते ११२ किलोहर्ट्झ हा गॅप आहे आणि कडेची अवस्था ८९ किलोहर्ट्झला यायला हवी. तिथे बिंदू १ वर स्पष्ट शिखर दिसेल. मग प्रोब बिंदू ३ वर न्या: व्होल्टेज पहिल्याच्या सुमारे ४५ टक्के आणि फेज उलटा. बिंदू २ वर जवळजवळ काही नाही. बिंदू ५ वर साधारण २० टक्के, फेज पुन्हा सरळ. पायरी ३ मधलं चित्र हेच. इंडक्टरच्या रोधामुळे आकडे थोडे पसरतील, ते साहजिक आहे.

आता चुका पेरण्याचा खेळ, तीन फेऱ्यांत.

पहिल्या फेरीत बिंदू १ चा इंडक्टर बदलून दहा टक्के जास्त मूल्याचा लावा. ही जागेवरची चूक. शिखर सुमारे ३ किलोहर्ट्झ खाली सरकेल.

दुसऱ्या फेरीत इंडक्टर पूर्ववत करा आणि बिंदू १-२ मधला १० चा कपॅसिटर काढून ८.२ चा लावा. ही जोडणीची चूक, म्हणजे शिखर हलायला नको. पण ते सुमारे २ किलोहर्ट्झ वर जाईल! बरेच जण इथे थबकतात आणि टोपॉलॉजी चालत नाही असं समजतात. खरं कारण असं की या सर्किटमध्ये कपॅसिटर जोडणीही ठरवतो आणि बिंदूची एकूण कपॅसिटीही. जोडणी बदलताना जागाही बदलली गेली, दोन्ही खात्यांतल्या चुका एकदम झाल्या.

तिसऱ्या फेरीत ८.२ चा तसाच ठेवा आणि बिंदू १ व बिंदू २ या दोन्हींपासून ग्राउंडला १.८ चा एकेक कपॅसिटर लावा. प्रत्येक बिंदूची बेरीज पुन्हा ३२. आता बदल फक्त जोडणीत उरला. शिखर परत ८९ वर येतं, आणि बिंदू ३ वरचं व्होल्टेज तेवढं ४५ वरून ३७ टक्क्यांवर उतरतं. आकार बदलला, फ्रीक्वेन्सी जागच्या जागी. पाठ्यपुस्तकातली दहा पानं वाचून जे कळत नाही ते या तीन फेऱ्यांत कळतं.

सिलिकॉन चिपवरही हीच भानगड असते. दोन वेव्हगाइड जवळ आले की जोडणी बदलते, पण थोडासा त्यांचा स्वतःचा वेगही बदलतो. म्हणून प्रत्यक्ष उपकरणात संरक्षण कधीच शंभर टक्के नसतं.

पायरी ६: प्रयोगशाळांनी काय दाखवलं ते या चौकटीत वाचा

आता शोधनिबंध उघडायला हरकत नाही. १९८० मध्ये फॉन क्लिट्झिंग यांना क्वांटम हॉल परिणाम (जोरदार चुंबकीय क्षेत्रात हॉल रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो तो) सापडला, १९८२ मध्ये थाउलेस आणि सहकाऱ्यांनी त्यामागची पूर्णांक संख्या ओळखली. हाल्डेन आणि रघू यांनी तीच कल्पना प्रकाशाकडे वळवली, त्यांचा निबंध २००८ मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी एमआयटीमध्ये वांग, चाँग, जोआनोपोलस आणि सोल्याचिच यांनी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या फेराइटच्या कांड्यांमधून मायक्रोवेव्ह एकाच दिशेने वाहत असल्याचं दाखवलं. वाटेत धातूचा अडथळा ठेवला तरी लहर मागे फिरली नाही, वळसा घालून पुढे गेली.

हे द्विमितीय संरक्षण साखळीपेक्षा खूप बळकट आहे, कारण मागे जाणारी वाटच शिल्लक नसते. पण त्यासाठी चुंबकीय क्षेत्राने काळाची उलटसुलट सममिती (लहर आलेल्या वाटेने तशीच परतही जाऊ शकते हा नियम) मोडावी लागते, आणि दृश्य किंवा इन्फ्रारेड प्रकाशावर चुंबकाचा तेवढा जोर चालत नाही. म्हणून मग पर्यायी वाटा निघाल्या. २०१३ मध्ये रेक्ट्समन आणि सहकाऱ्यांनी काचेत स्क्रूसारखे पिळलेले वेव्हगाइड कोरले, आणि हाफेझी यांच्या गटाने सिलिकॉन रिंगांच्या जाळ्यात कडेने वाहणारा प्रकाश कॅमेऱ्यात पकडला. रिंगांच्या जाळ्यात मागे फिरण्याची वाट बंद झालेली नसते. रिंगेत उलट दिशेने फिरणारा प्रकाश शक्य असतोच, आणि खडबडीत भिंत त्याला जागं करू शकते. निबंध वाचताना सममिती खरंच मोडली आहे की नुसती झाकली आहे, हे आधी शोधा.

क्वांटमच्या बाबतीत २०१८ हे वर्ष भरभराटीचं ठरलं. ब्लँको-रेडोंडो आणि सहकाऱ्यांनी आपल्या पायरी २ मधलीच साखळी सिलिकॉन नॅनोवायरमध्ये बनवली आणि जोडण्यांत मुद्दाम चुका पेरूनही फोटॉनांच्या जोडीची अवस्था टिकते असं दाखवलं. मित्तल, गोल्डश्मिट आणि हाफेझी यांनी रिंगांच्या जाळ्याच्या कडेला फोटॉनांच्या जोड्या निर्माण केल्या. एका चिपवरून दुसऱ्या चिपवर गेलं तरी त्यांच्या रंगांचा नकाशा साध्या रचनेच्या मानाने सारखा राहतो, हे त्यांचं यश. बारिक आणि सहकाऱ्यांनी क्वांटम डॉट (एकेक फोटॉन सोडणारा अर्धवाहकाचा सूक्ष्म कण) थेट टोपॉलॉजिकल वाटेला जोडला. तांबास्को आणि सहकाऱ्यांनी काचेतल्या दोन कडेच्या अवस्था जवळ आणून हाँग-ऊ-मँडेल इंटरफेरन्स मिळवला, व्हिजिबिलिटी ९३.१ टक्के.

यानंतरचे दोन निबंध मी प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीने वाचायला लावेन. व्हॅली-हॉल नावाच्या रचनांमध्ये प्रकाश वळणावरून छान जातो म्हणून त्यांचा बराच गाजावाजा झाला होता. २०२१ मध्ये अरेगी आणि सहकाऱ्यांनी गणनेने, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या रोसिएक आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चिपवर मोजून दाखवलं, की कारखान्यातल्या नेहमीच्या खडबडीतपणापुढे या रचनांमध्ये प्रकाश भरपूर मागे फिरतो. संरक्षण एका चुकीपासून होतं, कारखाना भलतीच चूक करत होता.

तिसऱ्या खात्याचं, म्हणजे गळतीचं, काय? तिथे टोपॉलॉजी गप्प असते. उलट कडेची अवस्था पसरलेली असल्यामुळे आणि वाट लांबल्यामुळे गळती वाढू शकते. प्रत्येक फोटॉन टिकण्याची शक्यता ९० टक्के असेल तर दहा फोटॉन एकदम टिकण्याची शक्यता ३५ टक्के उरते. फेज वाचवण्यासाठी फोटॉन गमावायचे का, हा सौदा प्रत्येक रचनेला तपासावा लागतो.

पायरी ७: निष्पक्ष तुलना करा आणि मगच दार ठोठवा

तुमच्या प्रोजेक्टमध्ये टोपॉलॉजिकल साखळीची तुलना मुद्दाम वाईट बनवलेल्या साखळीशी करू नका. तुलना साध्या, एकट्या, सरळ वेव्हगाइडशी करा, जो कारखान्यात आज बनतो. लांबी तीच, चुकांचं प्रमाण तेच, गळती तीच. जोडणीची चूक आडव्या अक्षावर, जागेची चूक उभ्या अक्षावर घ्या आणि प्रत्येक चौकटीत पाचशे साखळ्यांची सरासरी फेज-चूक रंगाने भरा. या नकाशावर टोपॉलॉजी कुठे जिंकते आणि कुठे हरते त्याची सीमारेषा आपोआप उमटते. एकट्या वेव्हगाइडला जोडणीच नसते, त्यामुळे आडव्या अक्षावर त्याचं काहीच बिघडत नाही, हे पाहून दचकू नका. टोपॉलॉजीची खरी गरज तिथे असते जिथे जोडणी टाळताच येत नाही: बीम स्प्लिटर, रिंगांची रांग, फोटॉन-जोडीचे स्रोत. तुलनाही मग त्याच कामाच्या साध्या उपकरणाशी करा.

हा नकाशा आणि सर्किटच्या तीन फेऱ्यांचा आलेख हातात आला, की पुढचा संपर्क साधा. पुण्याच्या आयसरमध्ये आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन आहे, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलात तर संध्याकाळी परत येता येतं. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत, कम्प्युटिंगचं बेंगळुरूच्या आयआयएस्सीत, कम्युनिकेशनचं आयआयटी मद्रासमध्ये आणि मटेरियल्सचं आयआयटी दिल्लीत आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिपही आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना खुली असते. ईमेलमध्ये लांबलचक ओळख लिहू नका. दोन आकृत्या जोडा, प्रत्येकीखाली चार ओळी लिहा: कोणती चूक पेरली, किती पेरली, काय हललं, काय हललं नाही. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा, की त्यांच्या चिपवर दोन्ही खात्यांतल्या चुका प्रत्यक्षात किती मोजल्या जातात. तो आकडा मिळाला की तुमच्या नकाशावर तो बिंदू कुठे पडतो ते मांडा आणि उत्तर त्यांना परत पाठवा.